केस कुणाचे, हे विचारायला हवं

लग्नसराई तोंडावर आली की तुळशीबागेत, दादरला, गावोगावच्या ब्यूटी पार्लरमध्ये क्लिपच्या केसांची पाकिटं खपू लागतात. गिऱ्हाईक काय विचारतं? लांबी किती, आपल्या केसांच्या रंगाशी जुळतील का, किती वेळा धुता येतील, भाव काय. हे केस कुणाच्या डोक्यावरचे आणि तिथून इथवर कसे आले, हे मात्र जवळजवळ कुणीच विचारत नाही. विचारलं तर दुकानदार गोंधळतो किंवा ‘एकदम ओरिजिनल आहे, मॅडम’ म्हणून विषय संपवतो.

मला वाटतं, विचारायचा प्रश्न हाच आहे. केवळ सदसद्विवेकाचा प्रश्न म्हणून नव्हे, तर मालाचा दर्जा ठरवणारा प्रश्न म्हणून. केस किती दिवस टिकतील, गुंततील का, चमक राहील का, ही सगळी उत्तरं ते केस कसे गोळा झाले यातच दडलेली असतात. पण एकदा हा प्रश्न विचारला की दुसरीही एक गोष्ट समोर येते आणि ती स्वस्थ बसू देत नाही. बाजारात जे केस सर्वांत उत्तम, ते जिने दिले तिला त्यांचा एक रुपयाही मिळालेला नसतो.

आधी केसाकडे पाहू. केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. त्याच्या बाहेरच्या बाजूला अतिशय पातळ, पारदर्शक खवले एकावर एक बसलेले असतात, कौलारू छपरावरच्या कौलांसारखे. त्यांच्या मोकळ्या कडा नेहमी शेंड्याकडे वळलेल्या असतात. डोक्यावर वाढणाऱ्या सगळ्या केसांची मुळं एका बाजूला आणि शेंडे दुसऱ्या बाजूला असल्यामुळे सगळे खवलेही एकाच दिशेने झुकलेले राहतात. म्हणून केस एकमेकांवरून घसरतात आणि कंगवा मुळापासून खाली सहज उतरतो. हेच केस कापून उलटसुलट मिसळले, निम्म्यांची मुळं वर आणि निम्म्यांची खाली झाली, की एकाचे खवले दुसऱ्याच्या खवल्यांत अडकतात. लोकर गरम पाण्यात चोळली की आकसून घट्ट होते, त्यामागेही खवल्यांचं हेच अडकणं असतं. मिसळलेल्या केसांचा असा गुंता होतो की तो सोडवण्याऐवजी कापावा लागतो.

याची खात्री घरच्या घरी करता येते. आपला एक गळलेला लांब केस घ्यावा, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरावा आणि बोटं त्याच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे चोळावीत. केस आपोआप एका बाजूला सरकू लागतो. तो सरकतो ती बाजू मुळाची. केसांच्या कामातली माणसं ही खूण वापरतात आणि दुकानात उभं राहून आपल्यालाही ती वापरता येते.

पाकिटावर ‘रेमी’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की यातल्या सगळ्या केसांची मुळं एका दिशेला आहेत आणि खवले शाबूत आहेत. कुठल्या देशाचे केस, मऊ की राठ, महाग की स्वस्त, यातलं काहीही त्यातून कळत नाही. आता प्रश्न असा, की मुळं एका दिशेला कशी राहतात? केस कापताना किंवा वस्तऱ्याने उतरवताना कुणीतरी ते आधी एकत्र बांधलेले असतात आणि जुडी सुटू दिलेली नसते म्हणून. कॅन्सरच्या रुग्णांना टोप बनवून देण्यासाठी केसदान स्वीकारणाऱ्या संस्था याच कारणासाठी सांगतात, की आधी रबरबँडने केस घट्ट बांधा आणि मग बांधाच्या वर कात्री लावा. सुटे, झाडून गोळा केलेले केस त्यांना चालत नाहीत. म्हणजे ज्याला आपण दर्जा म्हणतो त्याचा पाया त्या एका क्षणी, त्या एका डोक्यापाशी घातला जातो. पुढे कारखान्यात कितीही पैसा ओतला तरी निसटलेला तो क्षण स्वस्तात परत मिळत नाही.

क्षण निसटलेल्या केसांना आपल्याकडे गुंतवळ म्हणतात. विंचरताना निघालेले केस बोटाभोवती गुंडाळून बायका भिंतीच्या भोकात, पत्र्याच्या खाचेत, फडताळाच्या कोपऱ्यात खोचून ठेवतात. पूर्वी त्यावर थुंकून ते टाकून देत, कारण केस कुणाच्या हाती लागले तर करणी होईल अशी भीती असे. मग फेरीवाले आले. ‘केसांवर भांडी’ आणि ‘केसांवर फुगे’ या हाळ्या महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी आणि वस्त्यांनी ऐकल्या आहेत. महिनोन्महिने साठवलेल्या गुंतवळाच्या बदल्यात एखादी वाटी, पिना, पोराला फुगा, कधी थोडे पैसे. सौदा लहान असतो, पण तो घरातल्या बाईच्या हातचा असतो. नवऱ्याला न विचारता केलेला, स्वतःच्या शरीरातून आलेल्या मालाचा.

या गुंतवळाचं पुढे काय होतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. फेरीवाल्याकडून ते लहान व्यापाऱ्याकडे आणि तिथून गठ्ठ्यांनी कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरला किंवा पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद आणि पूर्व मेदिनीपूरकडे जातं. तिथल्या घराघरांत बायका धुळीने माखलेले केसांचे गोळे मांडीवर घेऊन सुईने, बोटांनी एकेक केस मोकळा करत बसतात. पांढरे केस वेगळे काढायचे, दोरे आणि कचरा काढायचा, मग लोखंडी दातांच्या मोठ्या फण्यांतून ओढून लांबीप्रमाणे जुड्या बांधायच्या. नाकातोंडात धूळ, डोळ्यांवर ताण, पाठीला रग, आणि मजुरी सोडवलेल्या वजनावर.

वजनाचाच हिशोब मांडून पाहू. वीस इंच लांबीच्या केसाचं वजन जेमतेम अडीच मिलिग्रॅम भरतं. म्हणजे त्या लांबीच्या एक किलो केसांत सुमारे चार लाख केस. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. एका बाईने वर्षभर गळणारा प्रत्येक केस जपून ठेवला तरी किलो भरायला दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून गुंतवळाच्या एका किलोत शेकडो घरं असतात, आणि ते सोडवणारी बाई त्या चार लाख केसांना अक्षरशः हात लावत असते.

इतक्या हातांतून गेलेल्या या केसांत मुळं आणि शेंडे मिसळलेलेच राहतात. मग कारखाना सर्वांत स्वस्त उपाय करतो. केस तीव्र रसायनांत, बहुधा आम्लात, बुडवून त्यांचे खवलेच काढून टाकतो. खवले नाहीत म्हणजे अडकणंही नाही. त्यानंतर रंग आणि शेवटी सिलिकॉनचा थर. पाकीट उघडलं की केस काचेसारखे चमकतात आणि बोटांतून पाण्यासारखे निसटतात. गिऱ्हाईक भुलतं ते इथे. सिलिकॉन काही धुण्यांत उतरतं आणि खाली उरतो तो उघडा, कोरडा, संरक्षण गेलेला धागा. दोन महिन्यांत त्याची जटा होते. मग ‘मला असले केस सूटच होत नाहीत’ असं म्हणत आपण दोष स्वतःच्या माथी घेतो. दुकानातली अति चमक ही दर्जाची खूण धरू नये. मी तर ती धोक्याची खूण मानते. चांगल्या, खवलेदार केसाला डोक्यावरच्या निरोगी केसाइतकीच सौम्य झळाळी असते, त्याहून जास्त नाही.

आता रेमी केसांकडे. आपल्या देशात त्यांचा सर्वांत मोठा उगम दक्षिणेतल्या देवस्थानांत, त्यातही तिरुमलात आहे. तिथल्या कल्याणकट्ट्यावर शेकडो नाभिक रात्रंदिवस मुंडन करतात आणि त्यांत आता स्त्रियाही आहेत. लांब केसांच्या बाईचे केस आधी बांधले जातात, मग वस्तरा फिरतो. देवस्थान लांबीप्रमाणे प्रती पाडतं. सत्तावीस इंच आणि त्याहून लांब केसांची प्रत सर्वांत वरची. मग ऑनलाइन लिलाव होतो. या विक्रीतून देवस्थानाला वर्षाला शंभर कोटींहून अधिक रुपये मिळतात. महाराष्ट्रातून बालाजीला जाणाऱ्यांची संख्या काही थोडी नाही. नवस फेडायला डोकं उतरवून आलेली मावशी, काकू किंवा शेजारीण आपल्यापैकी अनेकींना आठवेल.

केस दरमहा सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे सहा इंच वाढतात. सत्तावीस इंच म्हणजे चार-साडेचार वर्षांची वाढ. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. म्हणजे वीस इंच वाढलेल्या एका पूर्ण डोक्याचे केस भरतील फार तर पाव किलो. दाट दिसणारा क्लिपचा संच दीडशे ते दोनशे ग्रॅमचा असतो. त्यातही आखूड केस वेचून काढावे लागतात. तेव्हा ‘एकाच स्त्रीचे केस’ अशी जाहिरात दिसली की मनात हे गणित करून पाहावं. एका संचाला एक पूर्ण डोकं जवळजवळ पुरतं किंवा पुरतही नाही. आपण केसांत टिकटॅक पिना अडकवतो तेव्हा कुणाची तरी तीन-चार वर्षं डोक्यावर घेतो, आणि हा शब्दांचा खेळ नाही, साधा गुणाकार आहे.

परदेशी दुकानांत, आणि आता आपल्याकडेही, या केसांना ‘नैतिक मार्गाने मिळवलेले’ असं लेबल लागतं. सांगितलं जातं की स्त्रियांनी ते राजीखुशीने दिले. देणं राजीखुशीचं होतं, यात शंका नाही. पण दिलं ते देवाला, पाकिटाला नव्हे. पोराचा ताप उतरला, घर झालं, कोर्टातली केस निकाली निघाली म्हणून बाईने आपलं सौंदर्य उतरवून ठेवलं. तिने त्याची किंमत मागितली नाही आणि मागणारही नाही, कारण किंमत घेतली तर नवसाला अर्थच उरत नाही. विक्रीचा पैसा देवस्थानाकडे जातो आणि देवस्थान अन्नदान चालवतं, रुग्णालयं चालवतं. याला मी लूट म्हणणार नाही. पण हा न्याय्य व्यापार आहे, हेही मला मान्य नाही. भक्तीतून आलेली वस्तू बाजारात उतरली आहे, तिचं खरं नाव ‘देवाला वाहिलेले केस’ हे आहे, आणि तेवढंच लिहावं. ‘नैतिक’ हे विशेषण लावून व्यापारी त्या बाईच्या श्रद्धेचं श्रेय आपल्या मालाला घेतो. ते त्याचं नाही.

आणि इथेच दर्जा आणि न्याय यांच्या वाटा फुटतात. सर्वांत चांगल्या केसांचा मोबदला देणारीला मिळत नाही. सर्वांत हलक्या ठरलेल्या गुंतवळाचा मोबदला, वाटीएवढा का होईना, तिच्या हातात पडतो आणि पुढे फेरीवाल्यापासून भाग्यनगरच्या कामगारणीपर्यंत हजारो घरं त्यावर चालतात. ‘मी फक्त रेमीच घेते, कारण ते चांगले आणि नैतिकही’ असं म्हणणारीला मला एवढंच सांगायचं आहे, की पहिलं कारण बरोबर आहे. दुसऱ्याचा नीट विचार व्हायला हवा.

केसांचा उगम शोधणं अशक्य आहे, साखळी फार लांब आहे, असं व्यापारी सांगतात. इतिहास तसं सांगत नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने साम्यवादी चीनमधून येणाऱ्या केसांवर बंदी घातली. त्यानंतर टोप बनवणाऱ्यांना दुसऱ्या देशांतले केस शोधावे लागले आणि दक्षिण कोरियाचा टोपांचा उद्योग भरभराटीला आला. २००४च्या मे महिन्यात जेरुसलेमचे धर्मगुरू योसेफ शालोम एल्याशिव्ह यांनी निर्णय दिला, की तिरुपतीचे केस मूर्तिपूजेत वाहिलेले असल्यामुळे त्यांचे टोप सनातनी ज्यू स्त्रियांना चालणार नाहीत. विवाहित ज्यू स्त्रिया केस झाकण्यासाठी टोप घालतात, त्यामुळे प्रश्न घराघरांत शिरला. ब्रुकलिनमध्ये आणि जेरुसलेममध्ये रस्त्यावर टोपांच्या होळ्या पेटल्या. त्यांच्या त्या निर्णयाशी माझा मुळातच मतभेद आहे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. गिऱ्हाइकाने हट्ट धरताच, कालपर्यंत उगम माहीत नाही म्हणणारे विक्रेते केस कुठले याचे दाखले देऊ लागले. २०२०च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने चीनच्या शिंजियांग प्रांतातून आलेला केसांच्या वस्तूंचा सुमारे तेरा टन माल अडवला, तो सक्तीच्या मजुरीतून आला असावा या संशयावरून. उइघुर लोकांच्या छळछावण्यांच्या बातम्या तेव्हा जगभर येत होत्या. ते केस कुणाचे होते, हा विचार अंगावर काटा आणतो.

आपल्या सरकारनेही २०२२च्या जानेवारीत कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. गुंतवळ कमी भाव दाखवून किंवा थेट चोरट्या मार्गाने, ईशान्येकडच्या सीमेवरून म्यानमारमार्गे चीनकडे चाललं होतं आणि इथल्या सोडवणाऱ्या हातांचं काम जात होतं. म्हणजे धर्मपीठाने हा प्रश्न विचारला, सीमाशुल्क खात्याने विचारला, सरकारने विचारला. जिच्या डोक्यावर ते केस जाणार तिने मात्र अजून विचारलेला नाही.

उलट आपण ‘ब्राझिलियन’, ‘पेरुव्हियन’ अशा नावांना भुलतो. ही बहुतांशी पोताची व्यापारी नावं आहेत, सरळ, लाटेदार किंवा कुरळ्या केसांची. त्यांतल्या पुष्कळ मालाचा उगम भारतात किंवा चीनमध्येच असतो. मानववंशशास्त्रज्ञ एमा टार्लो यांनी केसांच्या जागतिक व्यापाराचा माग काढून २०१६ साली ‘एंटँगलमेंट’ हे पुस्तक लिहिलं. ही नावं आणि केसांचा खरा प्रवास यांच्यात किती अंतर असतं, हे त्यातून कळतं. मराठी बाईला मराठवाड्यातलेच केस ब्राझीलचे म्हणून चढ्या भावाने विकले जाणं अशक्य नाही, आणि त्यात तिची आणि मराठवाड्यातल्या त्या बाईची, दोघींचीही फसवणूक आहे.

मग निवडायचं कसं? चिमटीत केस चोळून पाहण्याची खूण सांगितलीच. पट्टीतले चार-पाच केस वेगवेगळ्या ठिकाणी धरून पाहावेत. सगळे शिवणीच्या दिशेने सरकले तर मुळं एका बाजूला आहेत. काही वर, काही खाली सरकले तर मिसळ आहे. कुठलाच सरकला नाही तर खवले काढलेले किंवा सिलिकॉनखाली गाडलेले आहेत. मग जुडीवरून बोटं वरून खाली आणि खालून वर फिरवावीत. खालून वर जाताना किंचित खरखर लागायला हवी. दोन्हीकडे सारखंच गुळगुळीत लागणं चांगलं नव्हे. केसाचा एक तुकडा मिळाला तर जाळून पाहावा. खरा केस जळक्या पिसांसारखा वास सोडतो आणि राख बोटांत चुरगळते. प्लास्टिकचा धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. महाग संच घ्यायचा असेल तर नमुन्याची बट मागावी, घरी शाम्पूने तीन-चारदा धुवावी, तेल किंवा सीरम न लावता वाळू द्यावी आणि मग पाहावी. हे करू द्यायला नकार देणाऱ्या दुकानातून मी काही घेणार नाही.

पाकिटावर लांबी मोठ्या अक्षरांत असते आणि वजन बारीक अक्षरांत, कधी नसतंच. माझ्या मते वजन आधी पाहावं. वीस इंचांचा शंभर ग्रॅमचा संच खाली विरळ, शेपटीसारखा दिसतो. तेच वजन सोळा इंचांत असेल तर भरीव दिसतं. ‘डबल ड्रॉन’ म्हणजे आखूड केस वेचून काढलेले, त्यामुळे शेंड्यापर्यंत दाट. त्यात हातांचं काम जास्त, म्हणून भाव जास्त, आणि तो रास्त आहे. रंग दिवसाच्या उजेडात आणि आपल्या केसांच्या शेंड्यांशी जुळवावा, मुळांशी नाही, कारण पट्टी मिसळायची असते खालच्या केसांत. आपल्या केसांचा नैसर्गिक काळा रंग उन्हात तपकिरी झाक दाखवतो. निळसर काळे केस बहुधा रंगवलेले असतात आणि घातल्याबरोबर वेगळे ओळखू येतात. पट्टीची शिवण दुहेरी असावी. हलक्या हाताने ओढल्यावर केस सुटू नयेत. पिनेच्या आत सिलिकॉनची पट्टी असली तर ती केस न तोडता धरते.

वजनाचा भार आपल्याच केसांच्या मुळांवर येतो, हे दुकानात सांगत नाहीत. बाळंतपणानंतर, थायरॉइडमुळे किंवा आजारपणानंतर ज्यांचे केस विरळ झाले आहेत त्या बायका हे संच सर्वांत जास्त घेतात, आणि जड संचाचा ताण सोसायला त्यांचेच केस सर्वांत कमी सक्षम असतात. सतत ओढ बसून केस गळणं हा त्वचारोगतज्ज्ञांना चांगला परिचित विकार आहे आणि फार दिवस दुर्लक्ष झालं तर ते केस परत येत नाहीत. अशा वेळी दोन-तीन हलक्या पट्ट्या पुरे. रात्री झोपताना काढायच्याच. कार्यक्रम एका संध्याकाळचा आहे, डोकं जन्मभराचं.

एका संध्याकाळपुरते कृत्रिम धाग्याचे केस घेण्यात मला कमीपणा वाटत नाही, विकणाऱ्याने ते कृत्रिम म्हणून विकले असतील तर. इस्त्रीची उष्णता ते सोसत नाहीत, लवकर राठ होतात, पण त्यांत कुणाचा नवस नाही, कुणाची सक्ती नाही. एवढं मात्र ध्यानात असावं, की २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेने वेण्यांत गुंफण्याच्या कृत्रिम केसांची दहा उत्पादनं तपासली, तेव्हा सगळ्याच उत्पादनांत कर्करोगाला कारण होऊ शकणारी रसायनं आणि दहांपैकी नऊंत शिसं आढळलं. ती उत्पादनं क्लिपची नव्हती आणि आठवडेच्या आठवडे डोक्यावर राहणारी होती, तरी कुठल्या धाग्याचं काय, हे पाकिटावर असायला हवं हा मुद्दा त्यातून पक्का होतो. माझा खरा राग आहे तो भेसळीवर. खऱ्या केसांत कृत्रिम धागा किंवा रेमीत गुंतवळ मिसळून पूर्ण भाव घेतला जातो त्यावर.

‘दुसऱ्याचे केस लावायचेच कशाला? आहे त्यात समाधान मानावं,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ते म्हणणारे बहुधा पुरुष असतात. आपल्या आज्या-पणज्या गंगावन लावत. अंबाडा भरदार दिसावा, वेणी कमरेपर्यंत यावी म्हणून केसांचं किंवा काळ्या गोंड्यांचं गंगावन पेटीत जपून ठेवलेलं असे आणि ते कुणाला उथळ वाटत नसे. शिवाय याच महाराष्ट्रात बाईचं माणूसपण पुसायचं हत्यार म्हणून तिचे केस उतरवले गेले आहेत. विधवांच्या केशवपनाची चाल मोडायला काय काय करावं लागलं! १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच हे काम करायला नकार दिला. ज्या समाजाने केस काढून बाईला घरात डांबलं, त्याने तिच्या केसांच्या हौसेला नावं ठेवू नयेत. केमोथेरपीनंतर आरशात पाहणारीला विचारा, केस म्हणजे काय असतं. म्हणून हौस सोडा, असं मी म्हणत नाही. उलट हौस गंभीरपणे घ्यावी, इतकी गंभीरपणे की जिच्याकडून ती भागते तिचाही विचार त्यात यावा.

सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्याआधीही सराफ म्हणतच होते, की प्रत्येक दागिन्याची शुद्धता लिहून देणं व्यवहार्य नाही. आज आपण हॉलमार्क पाहिल्याशिवाय बांगडी घेत नाही. केसांच्या पाकिटावरही चार गोष्टी छापणं अवघड नाही. केस डोक्यावरून जुडीने उतरवलेले आहेत की गुंतवळाचे, खवले शाबूत आहेत की काढलेले, वजन आणि लांबी किती, आणि तयार कुठे झाले. ही माहिती व्यापाऱ्याकडे असतेच. लिलावात तो प्रत पाहून बोली लावतो, गुंतवळ वेगळ्या भावाने घेतो, रसायनांचा खर्च वहीत मांडतो. प्रत्येक टप्प्यावर माहिती असते आणि पाकीट बंद करताना तेवढी गळून पडते. कारण ती नसण्यात नफा आहे.

ती छापली गेली तर गुंतवळाचंही भलं होईल, असं मला वाटतं. खवले न काढता, मुळं ओळखून, हाताने एका दिशेला लावलेलं गुंतवळ तयार करता येतं. काम किचकट आहे, वेळखाऊ आहे, पण ते करणारी बोटं भाग्यनगरला आणि बंगालमध्ये आहेत. आज ती मेहनत ‘रेमी’ या मोघम नावाखाली दडते किंवा रसायन स्वस्त पडतं म्हणून केलीच जात नाही. ‘हाताने जुळवलेलं गुंतवळ’ म्हणून ते उघडपणे, वेगळ्या भावाने विकलं गेलं, तर सोडवणारीला जास्त मजुरी मागता येईल, आणि हाळी ऐकून दाराशी आलेल्या बाईला वाटीऐवजी पैसे मागण्याचं कारण सापडेल. मी स्वतः असा संच मंदिराच्या केसांच्या भावाने घेईन.

तोवर आपल्या हातात बिल आहे. ग्राहक संरक्षण कायद्याने खोटं वर्णन करून माल विकणं हा अनुचित व्यापार ठरतो, पण ते सिद्ध करायचं तर वर्णन कागदावर असलेलं बरं. तेव्हा संच घेताना बिलावर स्पष्ट लिहून घ्यावं: मानवी केस, रेमी, इतके ग्रॅम, इतके इंच. खात्री असलेला दुकानदार दोन ओळी लिहून देईल. ‘बिलावर फक्त हेअर अ‍ॅक्सेसरी येतं’ असं म्हणणाऱ्याला माल परत करावा आणि पुढच्या दुकानात जाऊन तेच विचारावं. एका गल्लीतल्या पाच दुकानांत महिन्याभरात वीस जणींनी हे विचारलं तर दुकानदार त्याच्या घाऊक व्यापाऱ्याला विचारू लागेल, आणि त्या व्यापाऱ्याला उत्तर माहीत आहे.